शेतात झिजलेला, रस्त्यावर झिजलेला : जुन्या ट्रॅक्टरची पारख आणि पुनर्बांधणी

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत जुन्या ट्रॅक्टरचा सौदा होताना साल कोणते, मीटरवर तास किती आणि टायर किती टक्के, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर किंमत ठरवण्याची पद्धत रूढ आहे; परंतु यंत्राच्या आतल्या अवस्थेविषयी या उत्तरांतून फारच थोडे कळते. ट्रॅक्टर वर्षांपेक्षा कामाने झिजतो, आणि काम कोणत्या प्रकारचे होते यावर ती झीज कोणत्या भागात साचली हे ठरते. खानदेशात ट्रॅक्टरच्या वाट्याला दोन प्रकारची कामे येतात. एक म्हणजे तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीत नांगर, कल्टिव्हेटर व रोटाव्हेटर चालवणे, आणि दुसरे म्हणजे कापूस, केळी, ऊस, विटा किंवा वाळू भरलेली ट्रॉली रस्त्याने ओढणे. पहिल्या कामात इंजिन आणि हायड्रॉलिक लिफ्ट थकतात, तर दुसऱ्यात क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स, पुढचा अॅक्सल आणि मागचा हूक. त्यामुळे ट्रॅक्टरने यांपैकी कोणते काम अधिक केले हे त्याच्या अंगावरच्या खुणांवरून ओळखणे आणि मालकाचे सांगणे त्या खुणांशी जुळते का ते ताडून पाहणे, हीच पारखीची सुरुवात ठरते.

मीटरवरचे तास या कामी उपयोगी पडत नाहीत, याचे कारण त्या मीटरच्या रचनेतच आहे. जुन्या ट्रॅक्टरांवरील यांत्रिक मीटर इंजिनाकडून येणाऱ्या केबलवर चालते आणि घड्याळाप्रमाणे वेळ न मोजता इंजिनाचे फेरे मोजते. कंपनीने ठरवलेल्या एका वेगाने इंजिन तासभर चालले तरच त्यात एक तास भरतो. मंद वेगाने पंप किंवा मळणीयंत्र चालवणाऱ्या ट्रॅक्टरचे तास त्यामुळे कमी दिसतात, आणि केबल एकदा तुटली की कित्येक मालक ती पुन्हा बसवतही नाहीत. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलवरील रबर किंवा नक्षी किती गुळगुळीत झाली आहे, गिअरच्या दांड्याची मूठ किती झिजली आहे आणि पायाखालच्या पत्र्याचा रंग कुठवर उडाला आहे, या खुणा मीटरपेक्षा अधिक विश्वासार्ह असतात.

मॉडेलचा विचार करताना सालापेक्षा सुटे भाग कुठे व किती सहज मिळतात याला अधिक महत्त्व द्यावे. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या रचनेवर आधारलेला बी-२७५ हा ट्रॅक्टर १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाने भारतात आणला, आणि ही कंपनी १९७७ मध्ये महिंद्रामध्ये विलीन झाल्यानंतरही तो दीर्घकाळ बनत राहिल्याने त्याचे भाग आजही मिळतात. मॅसी फर्ग्युसन १०३५ मधील तीन सिलिंडरचे इंजिन पर्किन्सच्या रचनेचे आणि चेन्नईच्या सिम्पसनने बनवलेले असल्यामुळे त्याची कामे जाणणारा मिस्त्री तालुक्याच्या गावातही सापडतो. स्वराज ७३५ ची गोष्टही फारशी वेगळी नाही. एचएमटीने १९७१ पासून पिंजोर येथे झेटरच्या रचनेवर बनवलेले २५११ हे दोन सिलिंडरचे मॉडेल मजबुतीसाठी नावाजले गेले. परंतु कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाल्यामुळे त्याच्यासाठी आता इतर उत्पादकांच्या भागांवर अवलंबून राहावे लागते, आणि त्या भागांचा दर्जा एकसारखा नसतो. असा ट्रॅक्टर हौसेने जतन करण्यास हरकत नाही. मात्र ऐन पेरणीत ज्याच्यावर विसंबायचे आहे, तो निवडताना ही अडचण किमतीतून वजा करावी.

पाहणीसाठी सकाळची वेळ ठेवावी आणि खरेदीदार पोहोचेपर्यंत इंजिन चालू करू नये असे मालकाला आधीच सांगावे, कारण आधी गरम करून ठेवलेले इंजिन आपले बरेच दोष लपवते. पोहोचल्यावर प्रथम इंजिनाच्या ब्लॉकला हात लावून ते खरोखर थंड आहे का पाहावे, मग रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का आणि डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ झाले आहे का हे तपासावे; यांपैकी काहीही दिसल्यास हेड गॅस्केट उडाले आहे, हेडला चीर आहे किंवा लायनरच्या तळाच्या रबरी रिंग पाणी सोडत आहेत, असे समजावे. लायनर म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो ती नळी. तिच्या बाहेरून थेट पाणी फिरत असेल तर तिला ओला लायनर म्हणतात आणि ती ब्लॉकमध्ये घट्ट दाबून बसवलेली असेल तर कोरडा लायनर म्हणतात. तळाची रबरी रिंग फक्त ओल्या लायनरला असते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी खुणेच्या वर असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपातून किंवा मुख्य पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरत आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि असे पातळ झालेले ऑइल बेअरिंग फार लवकर खाते.

इंजिन सुरू झाल्यावर धुराचा रंग पाहण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे, पण तिचा अर्थ लावताना घाई होते. थंड इंजिनाने पहिली काही मिनिटे पांढरट धूर टाकणे स्वाभाविक आहे; तो इंजिन तापल्यावरही टिकला तर डिझेल पुरते जळत नाही किंवा पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे. भार पडताच काळा धूर येणे हे बहुधा नोझल, पंपाची वेळ किंवा तुंबलेला एअर क्लीनर यांचे लक्षण असते आणि त्याचा खर्च मर्यादित असतो. निळसर धूर मात्र ऑइल जळत असल्याचे सांगतो. तो दिसल्यावर ब्रीदरकडे, म्हणजे इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीकडे, लक्ष द्यावे; तिच्यातून इंजिनाच्या ठेक्यावर जोराने वाफ येत असेल तर पिस्टन रिंगांना ओलांडून जळलेला वायू खाली उतरत आहे आणि इंजिन उघडावेच लागणार आहे हे गृहीत धरावे. शंका उरल्यास नोझल काढून त्या जागी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजता येतो. आकडा किती भरला यापेक्षा सिलिंडरांमधील फरक किती आहे हे अधिक बोलके असते, कारण सगळे सिलिंडर सारखेच थोडे उतरलेले असतील तर ती वयाची झीज असते आणि एकच फार उतरला असेल तर तो अपघात असतो. ऑइल प्रेशरही इंजिन पूर्ण तापल्यावर, आणि शक्य असेल तर डॅशबोर्डवरील जुन्या गेजवर न विसंबता मिस्त्रीचे गेज जोडून मोजावे.

खानदेशात इंजिनाचे आयुष्य सर्वांत जास्त कोण खाते, तर धूळ. रब्बी निघाल्यानंतर मार्चपासून आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) आणि पुढेही जूनच्या पहिल्या पावसापर्यंत कोरड्या काळ्या जमिनीची नांगरट चालते, ढेकळांवर रोटाव्हेटर फिरतो, आणि जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जात असताना ट्रॅक्टर आपल्याच धुळीच्या ढगात तासन्‌तास काम करतो. जुन्या ट्रॅक्टरांत या धुळीला अडवणारा ऑइल-बाथ एअर क्लीनर असतो: बाहेरची हवा मधल्या नळीतून खाली येऊन वाटीतील ऑइलवर आपटून वळते, जड धूळ ऑइलमध्ये पडते आणि उरलेली बारीक धूळ वरच्या तारेच्या जाळीत अडकते. वाटीतील ऑइल खुणेच्या खाली गेले तर धूळ न अडता पुढे जाते, आणि खुणेच्या वर भरले तर इंजिन तेच ऑइल ओढून घेते. दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात. एवढे पाहूनही मुख्य दोष निसटू शकतो, कारण बहुतेक वेळा तो क्लीनरमध्ये नसून क्लीनर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीत असतो. ती नळी तडकलेली किंवा तिची पट्टी सैल असेल तर क्लीनर कितीही स्वच्छ असला तरी धूळ थेट इंजिनात जाते. म्हणून मालकाच्या परवानगीने ती नळी इंजिनाच्या बाजूने सोडवावी आणि आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर मातकट थर आला तर धूळ इंजिनात गेलेली आहे, लायनरच्या वरच्या भागात, रिंगांत आणि व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये तिने आपले काम केलेले आहे, आणि आज इंजिन सुरळीत वाटत असले तरी ते फार काळ टिकणार नाही. दोन मिनिटांच्या या तपासणीइतके शेतात झिजलेल्या ट्रॅक्टरविषयी दुसरे काहीही सांगत नाही, आणि सौद्याच्या वेळी ती क्वचितच केली जाते.

दुसरा स्थानिक शत्रू म्हणजे पाणी. यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यातील केळी उत्पादकांना बोअरच्या क्षारांनी ठिबकच्या नळ्या तुंबतात आणि त्या आम्लाने धुवाव्या लागतात हे चांगले ठाऊक असते. तेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतल्यावर इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत तसाच पांढरा थर बसतो, फक्त तो दिसत नाही. रेडिएटरच्या तोंडातून दिसणाऱ्या नळ्यांच्या टोकांवर पांढरी खपली असेल, किंवा भाराखाली रेडिएटर वरून कडक तापून खालच्या एखाद्या पट्ट्यात थंड लागत असेल, तर आतल्या वाटा बंद झाल्या आहेत असे समजावे. बिडाच्या ब्लॉकच्या इंजिनासाठी धुण्याच्या सोड्याचे द्रावण भरून काही तास इंजिन चालवून ते काढणे आणि नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुणे हा सौम्य उपाय आहे. तीव्र आम्ल ओतण्याचा मोह टाळावा, कारण क्षारांबरोबर ते जुना धातूही खाते. पुढे बोअरचे पाणी न वापरता कूलंट मिसळलेले मऊ पाणी वापरावे.

रस्त्यावर झिजलेल्या ट्रॅक्टरची ओळख टायरवरून सुरू होते, अर्थात टक्क्यांवरून नव्हे. शेतात चालणाऱ्या मागच्या टायरच्या गुट्ट्यांच्या कडा गोलावतात आणि कापसाच्या पऱ्हाट्यांच्या खुंटांनी बाजूला चिरा पडतात; डांबरावर ट्रॉली ओढणाऱ्या टायरच्या गुट्ट्या मधोमध सपाट व चकचकीत होतात. मग मागचा हूक आणि ड्रॉबारची पिन पाहावी: भोक लंबगोल झालेले, पिन मधून बारीक झालेली आणि हूक बसवलेल्या बोल्टांभोवती नव्या वेल्डिंगच्या रेघा असतील तर ट्रॉली सातत्याने क्षमतेपेक्षा जड भरली गेली आहे. बहुतेक ट्रॅक्टरांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचे हाउसिंग एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचीच पाठ बनवलेली असते, त्यामुळे ओव्हरलोडचा ताण थेट या बिडाच्या पेट्यांवर येतो. पेट्यांच्या जोडांवर तेलाची ओल, सैल झालेले बोल्ट किंवा बिडावर केलेले वेल्डिंग दिसल्यास सौदा सोडून देणे बहुधा शहाणपणाचे ठरते, कारण बिडाचे वेल्डिंग टिकेल याची हमी कोणताही प्रामाणिक वेल्डर देत नाही.

क्लचची परीक्षा मोकळ्या जागेत, पुढे-मागे कोणी नसल्याची खात्री करून घ्यावी: दोन्ही ब्रेक एकत्र जोडून घट्ट दाबावेत, वरचा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा; इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे, आणि ते चालतच राहिले तर प्लेट घसरत आहे. दुहेरी क्लच असलेल्या मॉडेलांत पॅडल अर्धे दाबल्यावर चाकांची गती थांबते आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओ, म्हणजे मागील अवजारांना फिरवणारा शाफ्ट, थांबतो; हे दोन टप्पे वेगळे जाणवले पाहिजेत. चालत्या गाडीत वरचा गिअर आपोआप सुटत असेल, उतारावर ब्रेक एका बाजूला ओढत असतील किंवा पुढचे चाक जॅकवर उचलून हलवल्यावर किंगपिन आणि बुशमध्ये खडखड जाणवत असेल, तर त्या प्रत्येकाचा खर्च स्वतंत्रपणे मांडावा. वाळू वाहिलेल्या ट्रॅक्टरबाबत आणखी एक सावधगिरी लागते. गिरणा, तापी किंवा पांझरेच्या पात्रात वारंवार उतरलेल्या ट्रॅक्टरच्या ब्रेकमध्ये आणि मागच्या हाउसिंगमध्ये पाणी व बारीक रेती शिरलेली असते. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा ड्रेन प्लग सकाळी किंचित सैल केला की तेलाच्या आधी पाणी येते. शिवाय गौण खनिजाच्या अवैध वाहतुकीत सापडलेले वाहन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वये जप्त होऊन त्यावर दंड बसलेला असू शकतो; संबंधित तहसील कार्यालयात तशी थकबाकी नाही याची खात्री करून घेणे हे यंत्र तपासण्याइतकेच आवश्यक आहे.

हायड्रॉलिक लिफ्ट थंड तेलावर जवळजवळ नेहमीच चांगली वाटते, म्हणून ती शेवटी, ट्रॅक्टर अर्धा-पाऊण तास चालल्यानंतर तपासावी. नांगर किंवा रोटाव्हेटर जोडून पूर्ण उचलावा, इंजिन बंद करावे आणि अवजार किती वेगाने खाली येते ते पाहावे. तो पूर्ण काळ अवजाराखाली हात किंवा पाय जाणार नाही याची दक्षता घ्यावी. काही मिनिटांत थोडे खाली येणे चालते, पण डोळ्यांदेखत जमिनीवर बसणे हे सिलिंडरच्या सील किंवा व्हॉल्व्हच्या झिजेचे लक्षण आहे. अवजार उचलताना झटके बसत असतील तर पंप संशयास्पद असतो. काळ्या जमिनीत नांगरणाऱ्यासाठी ड्राफ्ट कंट्रोल, म्हणजे जमीन कठीण लागताच नांगर आपोआप किंचित वर घेऊन इंजिनावरचा भार सांभाळणारी योजना, विशेष महत्त्वाची असते. ती चालते का हे अंगणात कळत नाही, त्यासाठी दोन-चार तास नांगरटीत काढणेच भाग असते. टॉप लिंकच्या टोकांचे गोळे आणि लिफ्टच्या हातांचे बुश हाताने हलवून पाहिले की शेतातल्या कामाचे प्रमाणही कळते.

कागदपत्रांत जळगावचे एमएच-१९ आणि धुळ्याचे एमएच-१८ हे क्रमांक आरसी पुस्तकाशी जुळतात एवढे पाहून थांबू नये. इंजिन आणि चेसिस क्रमांकांवर कागद ठेवून पेन्सिलने प्रिंट काढावी आणि ती आरसीशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावी. कृषी ट्रॅक्टरची नोंदणी सुरुवातीला पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर फॉर्म २५ द्वारे ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. ही मुदत उलटलेली असल्यास दंडासह तो खर्च कोणाकडे राहील हे सौद्यातच ठरवावे. मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३० लागतात, कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ लागतो, आणि बऱ्हाणपूर, सेंधवा किंवा गुजरातकडून आलेल्या ट्रॅक्टरसाठी तिकडच्या कार्यालयाचे फॉर्म २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. जुन्या आरसीवर भूविकास बँकेचा बोजा दिसल्यास तो विक्रेत्याकडूनच उतरवून घ्यावा, कारण अवसायनात गेलेल्या संस्थेकडून कागद मिळवण्याचे काम खरेदीदाराच्या गळ्यात पडले की वर्ष निघून जाते. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

खरेदी झाल्यानंतरची पहिली पायरी धुण्याची आहे. उघडण्याआधी ट्रॅक्टर डिझेल व दाबाच्या पाण्याने स्वच्छ केल्यास गळतीच्या जागा आणि बारीक चिरा दिसतात, आणि उघडलेल्या इंजिनात माती पडत नाही. नव्याने रंगवलेला ट्रॅक्टर विकत घेतला असेल तर ही पायरी अधिकच गरजेची ठरते, कारण बोल्टांच्या डोक्यांवर, गॅस्केटच्या कडांवर आणि ग्रीस निपलवर चढलेला रंग बहुधा काही झाकण्यासाठी असतो. इंजिन बांधायचे ठरल्यास लायनरचे माप वरच्या रिंगच्या जागी बोअर गेजने घ्यावे, कारण झीज तिथेच सर्वाधिक असते, आणि ते पुस्तकातील मर्यादेबाहेर असेल तर लायनर, पिस्टन व रिंग एकत्र बदलावेत. झिजलेल्या लायनरमध्ये फक्त नव्या रिंग टाकून धूर थांबवण्याचा उपाय एखाद्या हंगामापुरता टिकतो आणि त्यात खर्च केलेला पैसा वाया जातो. क्रँकशाफ्टचे जर्नल घासायचे असतील तर लेथवाल्याकडून मापाची चिठ्ठी घ्यावी, कारण इंचाच्या दहा, वीस, तीस अशा हजारांशांत कमी होत जाणाऱ्या मापांनुसारच पुढची बेअरिंग घ्यावी लागतात, आणि आधीच तीसपर्यंत घासलेल्या क्रँकला फार वाव उरलेला नसतो. पंप आणि नोझल, ज्याला जुने मिस्त्री अजूनही ते बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या नावाने मायकोचे काम म्हणतात, इंजिनाबरोबरच चाचणी-बाकावर लावून घ्यावेत. नवे इंजिन आणि जुने नोझल ही जोडी नव्या पिस्टनला जाळते.

त्यानंतर क्लच, सील, ब्रेक आणि स्टीअरिंग या क्रमाने काम पुढे न्यावे, कारण क्लच प्लेट बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधून फोडावाच लागतो आणि क्रँकचे मागचे सील त्याच वेळी बदलले तर दुसऱ्यांदा फोडण्याची वेळ येत नाही. वायरिंग नव्याने करणे जुनी जोडण्यापेक्षा स्वस्त पडते. काढलेले मूळ भाग, विशेषतः मीटर, नावाच्या पट्ट्या आणि बॉनेटची जाळी, भंगारात न देता जपून ठेवावेत. एचएमटी किंवा जुन्या आयशरसारख्या ट्रॅक्टरांसाठी ते पुन्हा मिळत नाहीत. रंग सर्वांत शेवटी.

या सगळ्यासाठी योग्य काळ निवडणे हाही पारखीचाच भाग आहे. रब्बीची पेरणी आटोपल्यावर डिसेंबर-जानेवारीत काम सुरू केल्यास भाग मागवण्यास, लेथवर पाळी लागण्यास आणि चुका दुरुस्त करण्यास वेळ मिळतो. मे महिन्यात ट्रॅक्टर फोडला तर मिस्त्री घाईत असतो, मालक त्याहून घाईत असतो आणि बांधलेले इंजिन दुसऱ्याच दिवशी खोल नांगरटीला जुंपले जाते. नवीन रिंग लायनरमध्ये बसण्यासाठी पहिले सुमारे पन्नास तास मध्यम भाराचे काम, म्हणजे वखरणी, हलकी ट्रॉली किंवा कल्टिव्हेटर, द्यावे. या काळात ट्रॅक्टर तासन्‌तास बिनभाराने सुरूही ठेवू नये, कारण तशाने रिंग बसण्याऐवजी लायनर गुळगुळीत होतो आणि ऑइल खाण्याची सवय कायम राहते. पन्नास तासांनंतर ऑइल आणि फिल्टर बदलावेत, पुस्तकात सांगितले असल्यास हेडचे बोल्ट ठरलेल्या ताणाने पुन्हा आवळावेत, व्हॉल्व्हचे अंतर तपासावे, आणि एअर क्लीनरची वाटी व तिच्या पुढची रबरी नळी पुन्हा एकदा उघडून पाहावी.